कडवटाची इयत्ता

गोडाची आवड मनुष्य जन्मतःच घेऊन येतो; कडवटाची मात्र कमवावी लागते. कडुनिंब, मेथी, कारलें या आमच्या पहिल्या इयत्ता. वडिलांपुढें मद्याचें नांवही काढूं नये अशा घरांत वाढलेल्या मला पुढची इयत्ता सिअ‍ॅटलला, मुलानें घरीं स्वतः आंबवलेल्या बीअरच्या पेल्यांत भेटली.

तींत जवाबरोबर राय हें धान्य होतें आणि याकिमा खोऱ्यांतल्या हॉप वेलीचीं फुलें. बव्हेरियांतील १५१६ च्या फर्मानानें बीअरला जव, हॉप आणि पाणी यांपलीकडे कांहींच मोकळें ठेवलें नव्हतें. राय हें पावाचें धान्य. शिवाय त्याच्या दाण्यावर तूस राहत नाहीं, म्हणून लगदा चिकटतो व रस गाळतांना खोळंबा होतो. तरी तें घालतात, तें मिऱ्यासारख्या तिखट चवीसाठीं.

पहिल्या घोटाला जीभ रुसली. दुसऱ्याला कडवटामागून संत्र्याच्या सालीचा वास आला. मद्यासंबंधीं माझें मत बदललें नाहीं, पेलाही अर्धाच राहिला. परंतु त्या निमित्तानें मुलगा धान्य, वेली आणि कष्ट यांविषयीं जितकें बोलला, तितकें आम्ही कित्येक वर्षांत बोललों नव्हतों.