मंडईतला उजेड

आज सगळी सकाळ पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गेली. बाहेर लख्ख ऊन, आत गाळ्यांवर गर्द सावली. उन्हासाठी शिकलेला नियम सोपा: अ‍ॅपर्चर एफ/१६, आयएसओ १००, शटर साधारण १/१०० सेकंद. आत शिरलं की तो हिशेब संपतो. अ‍ॅपर्चर एफ/२.८ पर्यंत उघडलं तर बत्तीसपट प्रकाश मिळतो, पण मग भाजीवाल्या मावशींचा चेहरा रेखीव आणि मागच्या कोथिंबिरीच्या जुड्या धूसर. मला तर त्या जुड्याही हव्या होत्या! शेवटी एफ/५.६ ठेवून आयएसओ १६०० केला. थोडे दाणे आले, येऊ देत.

चौकटीचं काम याहून अवघड. तृतीयांशाच्या रेघा स्क्रीनवर दिसतात, पण काय वगळायचं ते आपणच ठरवायचं. म्हणून वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा बघते. त्यांच्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याच्या काचेवर दृश्य डावं-उजवं उलटं दिसायचं, एका रोलवर चौकटी जेमतेम बारा. तरीही माणसं किती नेमक्या जागी!

उद्यापासून फक्त ५० मिलिमीटरची लेन्स. झूम नसला की जवळ जावंच लागतं, बोलावं लागतं. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने महिनाभर तरी हे करून पाहावं.