आवाज दोन शब्द पुढे
चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकातली आई मुलाची डायरी वाचते आणि तो समलिंगी असल्याचं तिला कळतं. वाचताना तिने नेमकं कुठे थांबायचं, यावरून माझं आणि शिष्येचं रोज वाजतं. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून भूमिका तिला दिली. दिली म्हणजे, देववत नव्हती.

ज्या शब्दावर तिला कळतं, त्या शब्दावरच मी थांबायची. शिष्या म्हणते, आवाज आणखी दोन शब्द पुढे जातो, अर्थ मागून येतो, मग ती थांबते. बरोबर आहे तिचं. म्हणूनच राग येतो. माझ्या थांबण्यात हुंदका असायचा. ओळखीच्यांसमोर वाचन केलं की पहिल्या रांगेत रुमाल निघायचे, आणि ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. शिष्येची मराठी हिंदी वळणाची. माझीही तशीच, झाशीत दुसरी कुठली येणार? पण मी पुणेरी आव आणते.

मोना आंबेगावकर हे नाटक एकटीने करायची. पुढे श्रीधर रंगायन यांच्या ‘ईव्हनिंग शॅडोज’ या चित्रपटात (2018) ती अशाच मुलाची आई, वसुधा झाली. तिथे डायरी नाही. मुलगा तोंडावर सांगतो. हातात कागद नसताना आईने नजर ठेवायची कुठे? तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा लावून बघते. मालिकांतल्या आयांना ही अडचण नाही. त्यांचं थांबणं संगीतवाला ठरवतो.

शिष्येला आवडतो रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट. 2025 मध्ये सनडान्सला मोठं बक्षीस मिळवलेला. त्यात जयश्री जगताप यांच्या आईला सगळं आधीच ठाऊक असतं. धक्काच नाही तर अभिनय कसला करायचा, मी विचारलं. “लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांना तोंड देण्याचा, मावशी.”

आमच्या गावाचीही कमाल आहे. झाशीचे राजे गंगाधरराव बाईचा वेश करायचे, बांगड्या भरायचे, असं गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलंय. राजांचा षौक म्हणून आम्ही ते पाहुण्यांना हसत सांगतो. हे नाटक गणपतीत करू म्हटलं, तर मात्र “बायकामुलं असतात हो.”

परवा दार लावून तिच्या पद्धतीने वाचून पाहिलं. आवाज दोन शब्द पुढे गेला, थांबला, आणि रडू आलंच. तिला सांगितलेलं नाही. छान आलं होतं मात्र.