शेवटची वायल

बर्फाचा गव्हाएवढा खडा उरला की वायल कोमट पाण्यातून काढायची, हे कुणालाही शिकवता येतं. त्यापुढची दहा मिनिटं मात्र मला अकरा वर्षांत कुणाला धड शिकवता आलेली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एका पेशंटची शेवटची वायल गेली. एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा एक प्रकार. आम्हाला नाव कळत नाही. स्त्री, वय 34, आणि एक नंबर. तिच्या अस्थिमज्जेतल्या कोटभर पेशी चार वर्षं द्रव नायट्रोजनमध्ये होत्या, उणे 196 अंशांवर. मी मीडियम सोडत होते आणि नळीच्या तळाशी एक पांढरी तार दिसली. बघता बघता तिचा शेंबडासारखा गोळा झाला. फुटलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए तो. जिवंत पेशींनाही कवटाळून बसतो. डीएनए तोडणारं डीएनेझ घातलं, मॅग्नेशियम घातलं, वाट पाहिली. गाळून जे उतरलं ते ट्रिपॅन ब्ल्यू घालून पाहिलं, तर दहातल्या सात पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. हाती जिवंत उरल्या तीन लाख.

टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने 1994 साली एएमएलच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडून दाखवलं होतं, की रोग नव्याने रुजवू शकणारी पेशी अडीच लाखांत जेमतेम एक असते. मी तीच शोधत होते. त्या हिशेबाने माझ्या नळीत ती एखादीच उरली असेल.

घोळ सगळा वेगाचा आहे. गोठवलेल्या पेशीत, गोठताना तिला वाचवणारं डीएमएसओ भरलेलं असतं. मीडियम घाईने पडलं की पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटते. फार रेंगाळलं तर डीएमएसओच तिला मारतं. मग किती सेकंदांनी थेंब? मी पंधरा धरून पाहिले, वीस धरून पाहिले. मीडियम गार, मीडियम कोमट, सीरम दुप्पट, डीएनेझ आधीच घालून. थेंब मधोमध, थेंब नळीच्या कडेने. एका पेशंटला मानवलं ते दुसऱ्याला मानवलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही अंगठा पिपेट दाबत असायचा.

शोधनिबंधात या सगळ्याला एक ओळ मिळते. ज्यांचं सगळं काम के562वर चालतं त्यांना तीही लागत नाही. ती सेल लाइन 1970च्या दशकात सीएमएल या दुसऱ्या ल्युकेमियाच्या एका 53 वर्षांच्या बाईकडून आली आणि अजून तणासारखी वाढते आहे. तिच्यावर चांगलं काम झालंय, होतंय. पण तेवढ्यावर ल्युकेमिया कळला म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आता सिंगल सेलचे रंगीत नकाशे येतात, दहा-दहा हजार ठिपक्यांचे. वायल उघडताना मेल्या त्या पेशी नकाशात नसतात आणि त्यांची चौकशीही कुणी करत नाही.

जानेवारीत साताऱ्याची एक मुलगी लॅबमध्ये आली, नुकती एमएस्सी झालेली. तिसऱ्याच वायलला तिच्या 82 टक्के पेशी जिवंत निघाल्या. ती जेवायला गेल्यावर मी तिची स्लाइड पुन्हा मोजली. चूक सापडावी म्हणूनच मोजली. 84 निघाले, आणि ते मी तिला सांगितलं नाही.

पुढे न राहवून विचारलं, "किती सेकंद धरतेस गं?"

"मोजत नाही, ताई. रेघा बघते."

पाकात पाणी घातलं की दिसतात तशा रेघा. थेंब पडला की नळीत त्या हलतात. त्या पूर्ण जिरेपर्यंत ती पुढचा थेंब सोडत नाही. अकरा वर्षं त्या माझ्यासमोर होत्या. मी घड्याळ बघत होते.

हे सगळं मला जूनमध्ये, ती वायल गेली तेव्हा, माहीत होतं. त्या दिवशी ती ग्लव्ह्ज घालून शेजारी उभी होती. शेवटची वायल, दोन नवी मुलं बघायला आलेली. "ही मी करते," मी म्हणाले, आणि त्यांना ऐकू जाईल असे सेकंद मोजत थेंब सोडले.

आता पेशंटच्या वायल ती काढते. मी हूडपाशी स्टूल घेऊन बसते, रेघा बघायला. तोंडाने बोलत नाही, पण आकडे मनात चालूच असतात. काल सतराव्याला माझा थेंब पडला असता. तिचा तेविसाव्याला पडला.