जुन्या बसचं पिवळं बटण काय सांगतं?

रात्रीच्या बसमध्ये तुम्ही जागा पकडलीत, बॅग वर ठेवलीत, मुलांना खिडकीशी बसवलंत. तेवढ्यात पुढून आवाज येतो, 'फुस्स!' बस किंचित हिंदकळते आणि निघते. हा आवाज तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. तो कशाचा, हे कधी ड्रायव्हरला विचारलंय?

बहुतेकांनी विचारलेलं नसतं. आपल्यासाठी बस म्हणजे आपली सीट, खिडकी आणि पोहोचण्याची वेळ. ड्रायव्हरसमोरच्या बटणांशी आपला काय संबंध? पण संबंध आहे, आणि तो समजून घ्यायचा तर जुन्या बसकडे जावं. आजच्या बसमध्ये बरंचसं काम पडद्यामागे, संगणकाच्या पोटात चालतं. जुन्या बसमध्ये मात्र प्रत्येक काळजीसाठी एक दांडा, एक बटण किंवा एक झडप समोर दिसते. म्हणून आज तुम्हाला अमेरिकेतल्या एका लहानशा गावी घेऊन जाते. जुन्या बस बघायला यापेक्षा योग्य गाव सापडणं कठीण.

खाणीच्या गावातली बस

गावाचं नाव हिबिंग. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात ते आहे. मिनियापोलिस शहरातून गाडीने निघालात, तर साधारण साडेतीन तासांत पोहोचता. गाव लोहखनिजाचं. इथली हल-रस्ट-महोनिंग ही उघडी खाण पाहिली, की डोळे फिरतात. पाच किलोमीटरहून लांब, लालसर मातीच्या पायऱ्या खोल उतरत गेलेल्या. गावाच्या खालीच खनिज सापडलं, म्हणून १९१९ पासून जुनं हिबिंग घरं-दुकानांसकट उचलून दक्षिणेला सरकवलं गेलं. गायक बॉब डिलन याच गावात लहानाचा मोठा झाला.

आणि इथेच १९१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वांत प्रसिद्ध बससेवेचा जन्म झाला. कार्ल विकमन हा स्वीडनहून आलेला तरुण. खाणीतलं काम सुटलं, म्हणून त्याने मोटारी विकायला सुरुवात केली. सात जणांची एक हपमोबाइल गाडी काही केल्या खपेना. मग तीच गाडी काढून त्याने खाणकामगारांना हिबिंगहून जवळच्या अ‍ॅलिस वस्तीपर्यंत सोडायला सुरुवात केली. भाडं १५ सेंट. सातांच्या गाडीत कितीतरी जास्त माणसं कोंबली जायची. आपल्या वडापच्या जीपमध्ये बसलेल्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको! याच धंद्यातून पुढे 'ग्रेहाउंड' उभी राहिली. त्या आठवणींचं ग्रेहाउंड बस संग्रहालय हिबिंगमध्ये आहे. ते उन्हाळ्याच्या मोसमातच उघडं असतं, तेव्हा जायचं ठरवाल तर आधी चौकशी करून जा.

इथली देखणी बस म्हणजे 'सीनिक्रूझर'. जनरल मोटर्सने १९५४ ते १९५६ या काळात ग्रेहाउंडसाठी अशा १००१ बस बांधल्या. लांबी ४० फूट, अंगावर चमकते पत्रे, पुढे खालच्या पातळीवर १० आणि मागे वरच्या पातळीवर ३३ प्रवासी. रूप ठरवण्यात रेमंड लोवी या नामवंत डिझायनरचा हात होता. फोटो सगळे बाहेरून काढतात. तुम्ही मात्र ड्रायव्हरच्या जागेकडे बघा.

पायाशी बटणं, डोळ्यांसमोर हात

पहिली गंमत खाली आहे. त्या काळातल्या अमेरिकी बसमध्ये डाव्या पायाशी जमिनीत गोल बटणं दिसतात. एक हेडलाइट वर-खाली करायचं. अनेक बसमध्ये वळण्याचा इशाराही पायानेच द्यायचा. कारण साधं आहे. स्टिअरिंग भलंमोठं आणि जड, दोन्ही हात त्यावरच हवेत.

मग हवेचं प्रेशर दाखवणारा काटा बघा. मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन सुरू झालं, की टाकीत हवा भरू लागते आणि दाब साधारण १०० ते १२० पाउंडांपर्यंत चढतो. तो ६० पाउंडांच्या आसपास उतरला, की धोका. मग ड्रायव्हरला कळणार कसं? काट्याकडे कोण सारखं बघणार? म्हणून बझर कर्कश वाजतो. काही जुन्या गाड्यांत याहून भारी युक्ती होती. काचेच्या वर एक छोटा हात बसवलेला असे. हवा कमी झाली, की तो धपकन ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर पडायचा. त्याचं नाव 'विगवॅग'. ढकलून वर केला, तरी पुरेशी हवा भरेपर्यंत तो वर राहायचाच नाही. दटावून गप्प बसवता येणार नाही, असा हा इशारा.

आता आपल्या शीर्षकातलं बटण. थोड्या नंतरच्या काळातल्या अमेरिकी बसमध्ये ड्रायव्हरच्या हाताशी एक पिवळं, शंकरपाळ्याच्या आकाराचं बटण असतं. ओढलं, की पार्किंग ब्रेक लागतो. दाबलं, की सुटतो. आपल्याकडच्या बसमध्ये बटणाऐवजी छोटा दांडाही असतो, पण तत्त्व तेच. ते समजून घ्या, कारण यातच सगळं आलं. चाकाजवळ एक जबरदस्त स्प्रिंग असते. ती ब्रेक कायम दाबूनच धरते. हवेचं काम ब्रेक लावायचं नसतं, स्प्रिंगला मागे रेटून ब्रेक सोडवायचं असतं. म्हणजे उद्या नळी फुटली, हवा पार निघून गेली, तर ब्रेक निकामी होत नाही, आपोआप लागतो. बिघाड झाला तर बस थांबण्याच्या बाजूने बिघडावी, अशी ही रचना. ते 'फुस्स' याच ब्रेकशी जोडलेल्या हवेचं.

१९६० च्या दशकात आणखी एक प्रकार आला, 'डीडी-३' नावाचा. त्यात बटण आत ढकलूनही ब्रेक सुटत नाही. त्यासाठी पायाचा ब्रेकही पूर्ण दाबावा लागतो. नवख्याला वाटतं, बस बिघडली. बिघडलेली नसते. पण याचा एक फायदा लक्षात घ्या. उतारावर उभ्या बसमध्ये एखाद्या पोराने खेळता खेळता बटण ढकललं, तरी बस जागची हलत नाही.

रिव्हर्सचंही तसंच. जनरल मोटर्सच्या १९५३ पासूनच्या 'पीडी-४१०४' बसमध्ये गिअरचा दांडा कितीही हलवला, तरी नुसत्या दांड्याने रिव्हर्स पडत नाही. त्यासाठी वेगळा विजेचा स्विच आहे. बस पूर्ण थांबवा, स्विच दाबा, मग दांडा. धावत्या बसमध्ये चुकूनही उलटा गिअर पडू नये, म्हणून ही जादा पायरी.

मागचं झाकण उघडलं, की

या बसचं इंजिन मागे असतं. झाकण उघडलं, की आत एक छोटा स्विच आणि इंजिन सुरू करायचं वेगळं बटण दिसतं. प्रश्न पडेल, ड्रायव्हर पुढे बसतो, मग बटण मागे कशाला? ते मेकॅनिकसाठी. स्विच मागच्या बाजूला किंवा बंदवर ठेवला, की पुढून कोणी कितीही बटण दाबो, इंजिन फिरत नाही. पट्ट्यांत आणि पंख्यात हात घालून उभा असलेला माणूस पुढच्याला दिसत नाही. त्याची बोटं हा एवढासा स्विच राखतो. जुनी बस विकत घेणारे कित्येक हौशी लोक 'बस सुरूच होत नाही' म्हणून डोकं धरून बसतात, आणि शेवटी कारण निघतं हा स्विच!

पुढे ड्रायव्हरजवळ एक झाकण लावलेलं बटणही असे, संकटात इंजिन बंद करण्याचं. त्या जुन्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना एक वाईट खोड होती. बिघाड झाला, तर डिझेल तोडलं तरी इंजिन स्वतःचंच वंगण जाळत बेफाम पळत सुटायचं. मग एकच उपाय, त्याचा श्वास कोंडायचा. हे बटण दाबलं, की हवा येण्याच्या वाटेवर झडप बंद होते. ती परत उघडायला मात्र मागे जाऊन हातानेच पूर्ववत करावी लागते. म्हणजे काय घडलं, ते कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बस पुढे जात नाही.

आणि एक गोष्ट अशी, जिला कुठलंच बटण वाचवत नाही. या बस हवेच्या फुग्यांवर तरंगतात, म्हणून प्रवास मऊ होतो. पण फुग्यातली हवा गेली, की कित्येक टनांची बस क्षणात खाली बसते. भक्कम आधार दिल्याशिवाय तिच्याखाली डोकं घालणं, म्हणजे जीव गमावणं. असे जीव गेलेले आहेत. कुणी जुनी बस दाखवायला नेलं आणि मुलं खाली वाकून बघू लागली, तर हात धरून मागे ओढा.

अनोळखी बटण दिसलं तर

जुनी बस, जुनी जीप, गावच्या वाड्यातला जुना पंप, सगळ्यांना हे नियम लागू पडतात.

पहिला नियम: हात मागे, डोळे पुढे. कळत नाही तोवर दाबायचं नाही.

दुसरा: बटणाच्या मागून काय निघतं ते बघा. तार निघत असेल तर विजेचं, बारीक नळी निघत असेल तर हवेचं. निम्मं कोडं इथेच सुटतं.

तिसरा: झाकण, कडी किंवा लाल रंग दिसला, की समजा, हे रोज वापरायचं नाही. कुणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवलंय.

चौथा: बटण 'चालत नाही' म्हणून तार जोडून त्याला बगल देऊ नका. आधी विचारा, हे कुणाला वाचवण्यासाठी अडून बसलंय?

शेवटचा प्रश्नच महत्त्वाचा. अडवणारं प्रत्येक बटण, कोणाला तरी कधीतरी इजा झाली किंवा होऊ शकते, हे ओळखूनच बसवलेलं असतं.

आपली डबल बेल

हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर आपली लालपरी आठवा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, पहिली एसटी धावली. गाडीत छताखालून एक दोरी गेलेली असायची. कंडक्टरने ती एकदा ओढली, तर थांब. दोनदा ओढली, तर चल. डबल बेल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. दारात लटकलेली आजी आत आली का, टपावरची टोपली उतरली का, हे मागे उभ्या माणसालाच दिसायचं. मुंबईच्या बेस्टच्या डबलडेकरमध्येही अशीच घंटी असे. तिथल्या जुन्या डिझेल डबलडेकरनी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला.

हिबिंगच्या बसमधला मागचा स्विच आणि आपली डबल बेल, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. ज्याला दिसतं, त्याच्या होकाराशिवाय गाडी हलायची नाही.

आता तुमची पाळी

१ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर एक खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. बस दाराच्याच बाजूवर पडली होती, दाराची वाट बंद झाली. वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर आले.

हे घाबरवायला लिहीत नाही. पण विमानात बसलो, की बाहेर पडायच्या वाटा कोणीतरी दाखवतं. बसमध्ये ते आपलं आपल्यालाच करावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी बसलात, की दोन मिनिटं द्या. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरं कुठे आहेत? त्या दाराची कडी फिरते कुठल्या दिशेने? समोर सामान रचलेलं नाही ना? काच फोडायची हातोडी जागेवर आहे का? छतात झडप आहे का? आग विझवायचं नळकांडं कुठे टांगलंय? काही चुकीचं दिसलं, तर गाडी सुटण्याआधी सांगा. संकोच करू नका.

शोधायचं काम मुलांवर सोपवा. ती खेळ समजून करतील आणि मोठ्यांपेक्षा लवकर शोधतील. आणि थांब्यावर चहाला उतरलात, की ड्रायव्हरकाकांना त्या 'फुस्स'बद्दल नक्की विचारा. रात्रभर आपल्यासाठी जागणाऱ्या माणसाला त्याच्या कामाबद्दल कोणी फारसं काही विचारत नाही. तुम्ही विचारलंत, तर चहा थंड होईपर्यंत सांगतील.