निवेदक आणि सांगणारी

पदव्युत्तर वर्गात कथा हा वाङ्मयप्रकार अभ्यासाला घेतलेल्या एका विद्यार्थिनीची वही पाहण्यासारखी होती. डाव्या पानावर संज्ञा, उजव्या पानावर व्याख्या: कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदक, दृष्टिकोन, संज्ञाप्रवाह. व्याख्या तिला तोंडपाठ होत्या. तिच्या घरी मात्र यांपैकी एकही शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. तिथे 'गोष्ट' होती आणि ती आजी सांगत असे. वर्गात गोष्टीची कथा झाली आणि सांगणारीचा निवेदक झाला. (लिंगही बदलले, याची नोंद व्याख्येत कुठेच नव्हती.)

वस्तुतः 'गोष्ट' हा शब्द मराठी कथाविचाराला परका नाही. संस्कृत 'गोष्ठी'शी त्याचे नाते आहे. चारचौघांत बसून केलेले बोलणे त्यात अभिप्रेत आहे. १८९० साली 'करमणूक' सुरू करणाऱ्या हरि नारायण आपट्यांनी लिहिल्या त्या 'स्फुट गोष्टी'च. दिवाकर कृष्णांच्या १९२७ मधील संग्रहाचे नावही 'समाधी व इतर सहा गोष्टी' असेच आहे. पुढे 'लघुकथा' रूढ झाली, ना. सी. फडके यांनी तिचे तंत्र मांडले, आणि गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या लेखनाबरोबर 'नवकथा' आली. 'लघु' हे विशेषण हळूहळू गळून पडले. या प्रत्येक संज्ञेमागे त्या त्या काळाचे भांडण आहे. 'उत्कंठा' आणि 'उत्कर्षबिंदू' ज्या चर्चेतून आले, तिलाच नवकथेचा विरोध होता. वहीत मात्र सर्व संज्ञा एकाच वयाच्या होऊन शेजारी शेजारी नांदत होत्या.

'दृष्टिकोन' हा शब्द तर विशेष फसवा. कथा कोणाच्या जाणिवेतून दिसते, हा त्याचा पारिभाषिक अर्थ. पण व्यवहारात दृष्टिकोन म्हणजे मत. म्हणून 'या कथेतील दृष्टिकोन स्पष्ट करा' या प्रश्नाला 'लेखकाचा दृष्टिकोन मानवतावादी आहे' असे उत्तर हमखास येते. दोष विद्यार्थ्याइतकाच शब्दाचाही म्हणावा लागेल.

तिच्या खऱ्या अडचणीला सुरुवात झाली ती बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेपाशी. रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी आलेला तरुण जात लपवून राहतो आणि स्वतःची हकीकत स्वतःच सांगतो. तिने निबंधात 'सांगणारा' असा शब्द योजला. निबंध परत आला तेव्हा तो खोडून वर तांबड्या शाईने 'निवेदक' लिहिले होते. तिला राग आला. आपल्या बोलीतला आणखी एक शब्द गेला, असे तिला वाटले.

दुरुस्ती अर्धी बरोबर होती. दलित कथेतला 'मी' हा लेखकच होय असे गृहीत धरून त्या कथेला दाहक, अस्सल, अनुभवाची अशी विशेषणे दिली, की समीक्षेचे काम संपले असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. 'निवेदक' ही संज्ञा या सवयीच्या आड येते. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही कल्पना मांडली ती लेखक आणि निवेदक यांच्यातील अंतर मोजण्यासाठीच. हे अंतर मान्य केले की बागुलांची रचना दिसू लागते. शीर्षकातील भूतकाळामुळे चोरी आधीच कळलेली असते. 'पुढे काय' ही उत्कंठा उरत नाही. जे भोवतालच्या माणसांना ठाऊक नाही ते वाचकाला पहिल्या ओळीआधीच ठाऊक असते, आणि त्यांच्या प्रत्येक आपुलकीच्या शब्दात धोका ऐकू येतो. नाट्यगत उपरोधाची व्याख्या तिला पाठ होती. ती इथे प्रथमच उपयोगी पडली. आणि 'चोरली' हे क्रियापद? चोरतात ते दुसऱ्याचे. इथे लपवले आहे ते स्वतःचे, आणि तरी गुन्हेगार तोच. हा अर्थ कोणत्याही परिभाषाकोशात सापडणार नव्हता; तो तिला तिच्या रोजच्या मराठीनेच दिला.

दुरुस्तीचा उरलेला अर्धा भाग मात्र तिने मान्य केला नाही. तिच्या गावात 'निवेदन' तहसीलदाराला देतात. खाली सह्या असतात, अंगठे असतात, आणि उत्तराची वाट पाहिली जाते. बागुलांचा 'मी' कोणाकडे अर्ज घेऊन उभा नाही. तो सांगतो, आणि ऐकणाऱ्याला समोर बसवून सांगतो. पुढच्या निबंधात तिने पहिल्या परिच्छेदात 'निवेदक' हा शब्द वापरला, लेखकापासून त्याचे अंतर दाखवून दिले, आणि त्यानंतर शेवटपर्यंत 'सांगणारा' असेच लिहिले. तळटीपेत दोन्ही शब्दांचा फरक तीन ओळींत मांडला. तो निबंध परत आला तेव्हा तळटीपेच्या बाजूला एक तांबडे प्रश्नचिन्ह होते. शब्द खोडलेला नव्हता.