आर्थरचे पेंढ्याचे प्रार्थनागृह

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात ओगलाला गावाहून उत्तरेकडे निघाले की सुमारे ६० किलोमीटरपर्यंत वाळूच्या टेकड्यांची सोबत असते. टेकड्यांवर गवताचे आवरण आहे. वृक्ष मात्र विरळाच. मग आर्थर नावाचे लहानसे खेडे लागते. तेथील पिलग्रिम होलिनेस पंथाचे प्रार्थनागृह गिलावा केलेल्या चारचौघांच्या घरासारखेच भासते. परंतु त्याच्या सुमारे दोन फूट जाडीच्या भिंती ना विटांच्या, ना दगडांच्या. त्या राय धान्याच्या पेंढ्याच्या आहेत. हे प्रार्थनागृह १९२८ साली उभे राहिले.

असे बांधकाम हौसेपोटी जन्मास आले नाही. १९०४ च्या किंकेड कायद्याने या प्रदेशात वसाहत करणाऱ्यास ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. अट अशी, की पाच वर्षे तेथेच राहावे आणि एकरी सव्वा डॉलर, म्हणजे ६४० एकरांस ८०० डॉलर मोलाची सुधारणा करून दाखवावी. निवारा नसेल तर तेथील कडक हिवाळा काढणे अशक्य, आणि वास्तव्य मोडले तर जमीन हातची जाणार. लाकूड आणायचे तर दूरवरून, रोख रक्कम मोजून. इतरत्र गवताळ मातीची ढेकळे रचून घरे होत. येथील रेताड माती त्यासही निरुपयोगी. हाताशी होते ते गवत, पेंढा आणि घोड्यांच्या बळावर गाठी दाबणारे यंत्र.

आपल्याकडे कापसाच्या गाठी बांधतात, तशाच या पेंढ्याच्या गाठी. विटांप्रमाणे सांधे चुकवून त्या रचीत आणि वरून खुंट्या ठोकून एकमेकींत जखडीत. छपराचा भार खांबांवर नव्हे, गाठींवरच टाकीत. भिंती दबून स्थिरावल्या की आतबाहेर गिलावा. पेंढ्यात अडकलेली हवा थंडी रोखून धरते. आणि घट्ट दाबलेल्या गाठीत हवा खेळत नसल्याने, गिलाव्याआड ती सहजी पेटही घेत नाही.

तिचा खरा शत्रू ओल. म्हणून पाया जमिनीपासून उंच, छपराच्या वळचणी रुंद आणि गिलाव्याची भेग दिसताच बुजविलेली हवी. नेब्रास्कातच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाठींची एक शाळा बांधली होती. गिलाव्यावाचून राहिलेल्या तिच्या भिंती गाईंनी खाऊन टाकल्या, असे सांगतात.

आर्थरचे प्रार्थनागृह मात्र टिकले. १९७९ साली त्याची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली. अल्प खर्चाच्या या वास्तूचा हिशेब मांडू गेल्यास जमेस पेंढा आणि वाचलेले लाकूड दिसते. नावे पडतात ते कष्ट आणि वर्षानुवर्षांची देखभाल. पहिला खर्च एकदाच होतो, दुसरा कधीच संपत नाही. तो ज्यांनी टाळला नाही, त्यांच्याच भिंती उभ्या राहिल्या.