उंडीचे तेल

मृगाच्या सरी येण्यापूर्वी मालवणच्या किनाऱ्यावरील होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी थांबलेली असते, आणि होड्या नारळी पौर्णिमेची वाट पाहत माडांच्या आडोशाला विसावतात. पूर्वी खाऱ्या पाण्याने लाकूड कुजू नये, म्हणून होडीला एक दाट, हिरवट, उग्र वासाचे तेल चोपडीत असत. ते तेल उंडीचे.

संस्कृत कवींचा पुन्नाग तो हाच. जिथे खाऱ्या वाऱ्यापुढे इतर झाडे माना टाकतात, तिथे उंडी आपली तकतकीत पाने मिरवीत उभी असते. तिची पांढरी फुले मंद सुगंधी, फळे मात्र गोट्यांसारखी वाटोळी. त्यांतील गर वाळवून घाण्याला घातला, की त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल निघते. ते खाण्याच्या उपयोगाचे नाही; पण एके काळी कोकणातल्या कित्येक घरांत त्याच्यावरच दिवा तेवत असे. पुढे रॉकेल आले, वीज आली. घाणे थांबले आणि उंडीची फळे झाडाखालीच कुजू लागली. झाडाचे मोल लाकडापुरते उरले.

दरम्यान होड्यांना इंजिने लागली. वाऱ्याची मनधरणी संपली. पण नवी चिंता आली. जाळ्यात मासा येवो न येवो, डिझेल जळतच राहते. समुद्रावर निघालेला तांडेल आधी डिझेलचा हिशेब करतो, मग माशांचा.

आणि गंमत अशी, की या इंजिनाला वनस्पतींचे तेल परके नव्हते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले, की तेलातला फरक फारच थोड्यांच्या ध्यानी आला. पण खनिज तेल स्वस्त आणि मुबलक होते. म्हणून जगाने तोच मार्ग धरला.

आज पुन्हा त्या जुन्या वाटेचा शोध चालू आहे. मात्र घाण्याचे तेल जसेच्या तसे इंजिनात ओतणे हितावह नाही. ते दाट असल्यामुळे त्याचा फवारा नीट होत नाही आणि आत काजळी धरते. म्हणून त्याच्यावर मद्यार्काची व क्षाराची प्रक्रिया करतात. उंडीच्या तेलात आम्लाचा अंश अधिक. तो आधी काढला नाही, तर इंधनाऐवजी साबणच व्हावयाचा! प्रक्रियेनंतर ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर पातळ जैवडिझेल उरते. त्याचे २० भाग व साध्या डिझेलचे ८० भाग अशा मिश्रणावर बहुतेक इंजिने फारसा फेरबदल न करता चालतात. धूर कमी होतो. पाण्यात सांडले तरी हे जैवडिझेल लवकर विघटन पावते. पण ते ओलावा चटकन धरते; म्हणून होडीवर त्याला अधिक जपावे लागते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील वनशास्त्रज्ञांनी उंडीचा अभ्यास केला आहे. तरीही उतावीळपणा नको. याच आशेने देशात मोगली एरंडाची मोठी लागवड झाली होती. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न पाहिले. परंतु बी पुरेसे आले नाही आणि ते स्वप्न विरले. २०१८ च्या धोरणाने २०३० साठी डिझेलमध्ये ५ टक्क्यांचेच लक्ष्य ठेवले. घोषणेने झाड वाढत नाही. ते आपल्याच गतीने वाढते.

उंडीने सगळ्या होड्या चालतील, असे कोणी म्हणू नये. पण डिझेलच्या शंभर थेंबांतले पाच थेंब जरी किनाऱ्यावरच्या झाडांनी दिले, तरी तांडेलाच्या पैशातला काही भाग परमुलखात न जाता फळे वेचणाऱ्या हातांत पडेल. त्यासाठी मात्र आज उभी असलेली उंडी उद्या उभी राहिली पाहिजे, आणि तिच्या शेजारी कोणीतरी नवे रोप लावले पाहिजे. ज्या झाडाने आजोबांची होडी राखली, ते नातवाचीही होडी हाकील; त्याच्यावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.